ओढेल, पण पेलेल का?

दोन दारांची जीप रँग्लर म्हणजे अमेरिकन रांगडेपणाची चालतीबोलती जाहिरात. जाड टायर, उंच बांधा, चिखलात आणि खडकांत घुसायची तयारी. या गाडीने किती वजनाचा ट्रेलर ओढावा याची कंपनीने वर्षानुवर्षं दिलेली मर्यादा मात्र २,००० पौंड, म्हणजे जेमतेम ९०० किलो. आणि शाळेच्या दारात मुलं सोडणारी, सरकत्या दारांची, तरुण पोरं जिची थट्टा करतात ती टोयोटा सिएना किंवा होंडा ऑडिसी? तिची मर्यादा ३,५०० पौंड, जवळजवळ १,६०० किलो. गाडीच्या रुबाबावरून तिच्या ताकदीचा अंदाज बांधायला गेलं की अशी फसगत होते.

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींना या दोन्ही मिनीव्हॅन चांगल्या ओळखीच्या. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की सेडान अपुरी पडते आणि गॅरेजमध्ये एखादी सिएना नाहीतर ऑडिसी येऊन उभी राहते. आजी-आजोबा, दोन मुलं, कुकर, तांदळाची पिशवी, घडीच्या खुर्च्या असं सगळं एका गाडीत मावतं. नॅशनल पार्कांजवळच्या मोटेलांचे उन्हाळ्यातले दर एकदा मोजले, की घरात कुणाच्या तरी डोक्यात येतंच: एखादी छोटी कॅराव्हॅन घेऊन मागे जोडली तर? आपला चहा, आपल्या गाद्या, आणि रात्री-अपरात्री आजोबांना बाथरूमसाठी टॉर्च घेऊन कॅम्पग्राउंडभर चालायला नको.

थोडक्यात उत्तर द्यायचं तर ‘हो, चालेल.’ पण नुसत्या ३,५०० पौंडांच्या आकड्याकडे बघून दिलेला हा होकार बऱ्याचदा अंगाशी येतो. आजच्या मिनीव्हॅनच्या इंजिनाला ओढणं जड जात नाही. अडतं ते दुसरीकडे: मागच्या चाकांवर किती ओझं बसतं, सगळा लवाजमा सरळ रेषेत राहतो का, आणि ब्रेक दाबल्यावर वेळेत थांबतो का.

मुळात हे आकडे येतात कुठून, ते आधी पाहू. पूर्वी अमेरिकेत प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ओढमर्यादा ठरवत असे, आणि स्पर्धेच्या नादात आकडे फुगत असत. ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स’ या संस्थेने २००८ मध्ये त्यासाठी ‘जे २८०७’ नावाची प्रमाणपद्धत आणली. ती सगळ्यांत आधी टोयोटाने स्वीकारली, बाकीच्या कंपन्या सावकाश मागून आल्या. या पद्धतीतली सर्वांत कठीण परीक्षा अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणाजवळ सुरू होणाऱ्या घाटाची आहे. साधारण १८ किलोमीटरचा सलग चढ, बाहेर ३८ अंशांच्या वर ऊन, गाडीतला एसी पूर्ण जोरात चालू, आणि मागे कमाल वजनाचा ट्रेलर. पिकअप आणि तत्सम गाड्यांनी हा चढ ताशी ४० मैलांच्या, म्हणजे ६४ किलोमीटरच्या खाली न येता चढायचा असतो. शिवाय १२ टक्के चढावर गाडी उभी करून पाच मिनिटांत पाच वेळा पुढे आणि पाच वेळा मागे हलवून दाखवायची.

परीक्षा कडक आहे, यात शंका नाही. पण ती देताना गाडीत किती माणसं धरलेली असतात? चालक आणि शेजारी एकजण, प्रत्येकी १५० पौंड. म्हणजे ६८ किलोची दोन माणसं. आजी-आजोबा या हिशेबात नाहीत. मुलं नाहीत, कुकरही नाही. होंडाने आपल्या मिनीव्हॅनच्या पुस्तिकेत ही गोष्ट उघड करून टाकली आहे: गाडीत माणसं वाढत जातील तशी ट्रेलरची मर्यादा उतरत जाते, असा तक्ताच तिथे दिलेला असतो. जाहिरातीत तो तक्ता कुणी छापत नाही, हे ओघानं आलंच.

आता ड्रायव्हरचं दार उघडून खांबावर टायरच्या हवेचे आकडे दिलेलं स्टिकर बघायचं. त्यावर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून अमुक किलोंच्या वर जाता कामा नये. गाडीचं मॉडेल, सनरूफ, सीटा यांनुसार हा आकडा बदलतो, अगदी एकाच नावाच्या दोन गाड्यांतही. मिनीव्हॅनच्या बाबतीत तो साधारण पाचशे ते सहाशे किलोंच्या दरम्यान असतो. समजा, तो ५४५ किलो आहे. घरातली चार मोठी माणसं, सरासरी ७० किलोंची, म्हणजे २८०. दोन मुलं मिळून ७०. ट्रेलर जोडायचा मागचा लोखंडी सांगाडा, म्हणजे हिच, आणि वायरिंग २० किलो. बॅगा, आइसबॉक्स, खुर्च्या, खाण्याचं सामान ७५ किलो. बेरीज ४४५. उरले १०० किलो.

कॅराव्हॅनचं नाक हिचवरच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, जे ओझं टेकवतं, ते या उरलेल्या शंभर किलोंत बसवायचं असतं. अमेरिकेत हा नाकाचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवायची रीत आहे. ९०० किलोच्या भरलेल्या कॅराव्हॅनचा नाकाचा भार ९० ते १३५ किलो होतो, म्हणजे इथेच हिशेब काठावर आला. कंपनीने छापलेला पुरा १,६०० किलोचा ट्रेलर लावला तर नाक किमान १६० किलोचं, आणि मग आजी-आजोबांपैकी एकाला घरी ठेवावं लागेल. मिनीव्हॅनची गंमत हीच आहे. ती आठजणांना नेऊ शकते आणि १,६०० किलो ओढूही शकते, पण दोन्ही कामं एका वेळी सांगितली की साफ नकार देते.

नाकाचा भार मुळात हवाच कशाला? नेमका समतोल साधून, बॉलवर शून्य ओझं ठेवून ट्रेलर ओढला तर गाडीला केवढा आराम! इथे बैलगाडी हाकणाऱ्याचं शहाणपण कामी येतं. दोन चाकांच्या गाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेला जोत आवळतं. म्हणून जाणता गाडीवान पोती रचताना थोडं वजन धुरेकडे ठेवतो. कॅराव्हॅनही दोन चाकांवरच तोललेली. फरक एवढाच, की बैलगाडी ताशी चार-पाच किलोमीटरने जाते आणि कॅराव्हॅन नव्वदने. मागे जड असलेली कॅराव्हॅन त्या वेगात नुसती उलाळत नाही, तर डावी-उजवीकडे शेपूट हलवू लागते. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला, की शेवटी ती पुढच्या गाडीलाच आडवी फिरवते.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात जॉस डार्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हेलकाव्यांवर प्रयोग केले. वजनं हवी तशी इकडून तिकडे हलवता येतील असा ट्रेलर त्यांनी मोटारीच्या मागे लावून पाहिला. त्यांच्या निष्कर्षांत महत्त्व मिळालं ते वजनाच्या जागेला: नाकाचा भार किती, चाकांचा आस कुठे, आणि सामान आसाच्या जवळ आहे की दोन्ही टोकांना पसरलंय. एकूण वजन तेवढंच ठेवून ते दोन टोकांना नेलं तर हेलकावे लवकर शमत नाहीत. म्हणून पाण्याचे कॅन, बॅटरी, कडधान्यांचे डबे कॅराव्हॅनच्या मध्यावर, जमिनीलगत ठेवायचे. सायकली मागच्या भिंतीला टांगायची हौस बऱ्याच जणांना असते. छोट्या कॅराव्हॅनला ती फार महाग पडते, कारण शेवटच्या टोकाला लावलेले तीस किलो नाकावरचा भार उचलून घेतात आणि हेलकाव्याला लोलकासारखं वजनही पुरवतात.

हेलकावे सुरू झालेच तर चालकाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. तेच करायचं नसतं. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचं, आणि कॅराव्हॅनला स्वतंत्र इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरची कळ हाताने सरकवून फक्त मागचे ब्रेक लावायचे. मागचं ओढलं गेलं की ताणलेल्या साखळीसारखा सगळा लवाजमा सरळ होतो.

या बाबतीत मिनीव्हॅन चांगली आहे की वाईट? थोडी दोन्ही. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मोठं आहे. सिएनाचं ३.०६ मीटर, तर दोन दारांच्या रँग्लरचं अडीच मीटरच्याही आत. लांब अंतरावर चाकं असलेल्या गाडीला मागून ढकलून वळवणं कठीण, आणि जीपला कमी मर्यादा मिळण्यामागे हे एक मोठं कारण आहे. मिनीव्हॅनचा गुरुत्वमध्यही खाली असतो. पण मागच्या चाकांच्या मागे तिचं बूड बरंच लांब असतं, आणि बॉल त्याच्याही मागे. तेवढ्या लांबीची तरफ मिळाली की कॅराव्हॅनच्या नाकाला जोर येतो.

तो जोर मोजून बघण्यासारखा आहे. बॉल मागच्या आसापासून सव्वा मीटर मागे धरा आणि नाकाचा भार १२० किलो. साध्या तरफेच्या गणिताने मागच्या चाकांवर १२० नव्हे, जवळजवळ १७० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ५० किलो कमी होतात. बहुतेक मिनीव्हॅन पुढच्या चाकांनी चालतात. गाडी पुढे ओढणं, वळवणं आणि थांबवण्याचं बरंचसं काम याच चाकांकडे, आणि नेमकी तीच हलकी होतात. कॅम्पग्राउंडच्या ओल्या गवतावर, चढाच्या तोंडाशी पुढची चाकं जागच्या जागी भुरभुरायला लागली की हे गणित वहीशिवाय समजतं. सिएनाच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह मॉडेलला मागच्या चाकांसाठी वेगळी विजेची मोटर असते. अशा जागी ती उपयोगी पडते.

मागचं बूड खाली बसलेलं दिसलं की बरेचजण स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या बसवून घेतात. क्रायस्लरच्या जुन्या मिनीव्हॅनना कंपनीकडूनच आपोआप उंची सावरणारे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर मिळत असत. त्याने गाडी सपाट दिसते आणि हेडलाइट आभाळाकडे बघायचे थांबतात. पण पुढच्या चाकांवरून उचललं गेलेलं वजन तसूभरही परत जात नाही. ते परत न्यायला दोन लांब स्प्रिंगदांड्यांचा वजन वाटून देणारा हिच लागतो, जो बॉलच्या जागी गाडीला मागून वर उचलण्यासारखा पीळ देतो. काही कंपन्या तो वापरायला सांगतात, काही आपल्या मॉडेलवर वापरू नका असं स्पष्ट बजावतात, कारण मिनीव्हॅनला ट्रकसारखी वेगळी लोखंडी चौकट नसते आणि हा पीळ थेट पत्र्याच्या सांगाड्यात उतरतो. कॅनडात ओंटारियोमधल्या लंडन शहरात कॅन-अ‍ॅम आरव्ही नावाचं दुकान आहे. तिथे मिनीव्हॅनचा हिच मजबूत करून, वजन वाटून देणारे दांडे अचूक लावून तिला मोठमोठ्या एअरस्ट्रीम कॅराव्हॅन जोडून दिल्या गेल्या आहेत आणि लोकांनी त्या खंडभर फिरवल्याही आहेत. त्यावर गेली कित्येक वर्षं कॅराव्हॅनवाल्यांत कडाक्याचे वाद झडतात. त्या दुकानातल्या कारागिरीचा आदर ठेवूनही म्हणावं लागतं, की पहिल्यांदाच ट्रेलर जोडणाऱ्या कुटुंबाने छापील मर्यादेच्या पुढे जाऊ नये. अपघातानंतर विमा कंपनीसमोर पुस्तिकेतली मर्यादाच उघडली जाते.

वजनाच्या चर्चेत एक गोष्ट हमखास राहून जाते. हवा.

क्रायस्लर पॅसिफिकाच्या पुस्तिकेत ३,६०० पौंडांच्या मर्यादेशेजारी आणखी एक आकडा आहे: ट्रेलरचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ ४० चौरस फुटांपेक्षा, म्हणजे ३.७ चौरस मीटरपेक्षा जास्त नको. अमेरिकेतल्या नेहमीच्या पांढऱ्या चौकोनी कॅराव्हॅन साधारण अडीच मीटर रुंद आणि तेवढ्याच उंच पेटीच्या असतात. त्यांचं तोंड सहा चौरस मीटरच्या घरात जातं. त्या वजनाने हलक्या असल्या, तरी या अटीत बसत नाहीत. हायवेच्या वेगाला इंजिनाचा बराचसा घाम हवा बाजूला सारण्यात जातो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. ताशी १०० वरून ८० किलोमीटरवर आलं, तर हवा कापायला लागणारी शक्ती निम्म्यावर येते. सपाट पाठीची उंच कॅराव्हॅन मागे असताना सिएना हायब्रिडचं एरवीचं लिटरला पंधरा किलोमीटरचं मायलेज निम्म्याच्या आसपास उतरलं, तर गाडीत बिघाड झाला असं समजायचं कारण नाही.

या हिशेबात सर्वांत चपखल बसतात त्या फायबरग्लासच्या छोट्या, गोलसर कॅराव्हॅन. त्यांची वंशावळ कॅनडातल्या विनिपेगपर्यंत जाते. तिथे रे ओलेको याने १९६८ मध्ये ‘बोलर’ नावाची १३ फुटी कॅराव्हॅन काढली. वरचा आणि खालचा असे फायबरग्लासचे दोन अर्धे साच्यात घडवून एकमेकांना जोडलेले. लाकडी सांगाडा नाही, छताला सांधे नाहीत, त्यामुळे गळतीही कमी. वजन साडेचारशे किलोच्या आत. त्याच घाटाच्या ‘स्कॅम्प’ कॅराव्हॅन मिनेसोटातल्या बॅकस या छोट्याशा गावात सत्तरच्या दशकापासून बनत आहेत. १३ फुटी स्कॅम्प रिकामी असताना साडेपाचशे ते सातशे किलोंच्या दरम्यान भरते आणि रुंदी जेमतेम दोन मीटर, म्हणजे मिनीव्हॅनच्या पाठीमागे ती रुंदीने जवळजवळ लपून जाते. नवीन हवा फारशी कापावी लागत नाही.

जर्मनीत हाच विचार निराळ्या वाटेने झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ‘नाटर’ हे सरळ वर उडणारं रॉकेट-विमान रचणारा अभियंता एरिक बाखेम युद्धानंतर कॅराव्हॅनकडे वळला. १९५७ मध्ये एर्विन हायमरच्या सोबतीने त्याने जी कॅराव्हॅन घडवली, तिच्यातून ‘एरिबा’ हे नाव उभं राहिलं. एरिबा टूरिंगला विमानासारखा लोखंडी नळ्यांचा सांगाडा असतो आणि छत वर उचलता येतं. प्रवासात ठेंगणी, मुक्कामी उंच. जिला रस्त्यावर वारा कमी लागतो आणि आतमध्ये माणसाला ताठ उभं राहता येतं, अशी कॅराव्हॅन मिनीव्हॅनला अगदी मानवते.

अडचण जागेची. १३ फुटी स्कॅम्पमध्ये दोघं आरामात झोपतात, चौघं अडचणीत, आणि सहाजणांचं कुटुंब झोपायला गेलं तर दोघांची रवानगी तंबूत. मिनीव्हॅनच्या आणि कॅराव्हॅनच्या मर्यादा अशा एकाच ठिकाणी येऊन भेटतात. रिकाम्या वजनावरही फार विसंबू नये. आत गॅसचा २० पौंडी सिलिंडर चढतो, म्हणजे गॅस नऊ किलो आणि टाकी जवळपास तेवढीच. बॅटरी पंचवीस किलो, पाणी लिटरमागे एक किलो, चादरी, भांडी, तेलाचे कॅन. ६८० किलोची कॅराव्हॅन पहिल्या सहलीला निघते तेव्हा ९०० किलोची झालेली असते.

थांबण्याचा प्रश्न युरोपने कायद्याने सोपा करून टाकला आहे: ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. तिथले ब्रेक बहुतेक रेट्यावर चालतात. पुढची गाडी मंदावली की कॅराव्हॅन तिच्यावर रेलते, तो रेटा दांड्यातून चाकांच्या ब्रेकांपर्यंत जातो, वायरची गरज नाही. अमेरिकेत इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि कायदा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासून ब्रेक सक्तीचे, बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून. मिनीव्हॅनवाल्याने राज्याच्या कायद्याची वाट बघू नये. २,५०० किलोच्या भरलेल्या गाडीमागे ९०० किलोची बिनब्रेकची कॅराव्हॅन लागली, तर त्याच ब्रेकांना ३६ टक्के जास्त वजन थांबवायचं असतं. शिवाय इलेक्ट्रिक ब्रेकसाठी सात पिनांचा सॉकेट आणि कंट्रोलर लागतो. मिनीव्हॅनला हे सहसा कंपनीतून मिळत नाही, बॅटरीपासून मागच्या बंपरपर्यंत वेगळी वायर ओढून घ्यावी लागते. हिच बसवणारा ‘चार पिनांत भागेल’ म्हणाला तर समजावं, की तो फक्त दिव्यांबद्दल बोलतोय.

घाटाचं गणित हायब्रिडमुळे आणखी रंजक झालं आहे. २०२१ पासून अमेरिकेत सिएना फक्त हायब्रिड मिळते आणि तिची ३,५०० पौंडांची मर्यादा कायम आहे. पॅसिफिकाच्या प्लग-इन हायब्रिडला मात्र ट्रेलर लावूच नये असं तिची कंपनी सांगते. एकाच नावाच्या दोन गाड्या, एकीला ३,६०० पौंड आणि दुसरीला शून्य. सेकंडहँड गाडी घेताना लोक इथे हमखास गोंधळतात. सिएनाचं इंजिन आणि मोटर मिळून २४५ अश्वशक्ती देतात, पण बॅटरी दोन युनिटांपेक्षाही लहान. लांब चढावर ती लवकर रिकामी होते आणि मग भार एकट्या अडीच लिटरच्या इंजिनावर येतो. त्यात कोलोरॅडोसारख्या उंच प्रदेशात हवा विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना तीनएक टक्क्यांनी घटते. तिथल्या आयसेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी, अकरा हजार फुटांवर, तिच्यातला जवळपास एक-तृतीयांश भाग गायब असतो. इंजिन किंचाळतं, वेग साठावर येतो. उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या रांगेत शांतपणे चालत राहायचं, त्यात कमीपणा नाही.

खरी काळजी उतारावर असते. ३,४०० किलोची गाडी-कॅराव्हॅन एक किलोमीटर उंची उतरते, तेव्हा साधारण नऊ युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हवा आणि टायर त्यातली काही खातात. बॅटरीत दोन युनिटही मावत नाहीत. ती भरली की मोटरने गाडी अडवायची सोय संपते, आणि बाकीचं काम इंजिनाचा रोध आणि ब्रेकचे पॅड यांच्यावर पडतं. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर निवडायचा, आणि ब्रेक सतत चेपून धरण्याऐवजी अधूनमधून जोराने लावून सोडायचे. खंडाळ्याच्या घाटात ट्रक चालवणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

युरोपातले आकडे बघून अमेरिकेतला माणूस चक्रावतो. तिथे फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टरच्या काही मॉडेलांना २,५०० किलोपर्यंत ओढायची मुभा आहे. तिथे नाकाचा भार कमी ठेवतात, बहुतेक गाड्यांना ७५ ते १०० किलोंची कमाल मर्यादा असते, आणि त्याची भरपाई वेगाने करतात. जर्मनीत ट्रेलरसह ताशी ८० किलोमीटर, खास प्रमाणपत्र असेल तर ऑटोबानवर १००. ब्रिटनमध्ये साध्या रस्त्यावर ताशी ५० मैल, मोटरवेवर ६०. ब्रिटनमधल्या कॅराव्हॅन संस्था नवख्यांना आणखी एक सल्ला देतात: भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवा. अमेरिकन मिनीव्हॅन २,१०० किलोंच्या आसपास असल्याने या कसोटीला ती सहज उतरते. तरीही अमेरिकन आकडा कमी का? कारण अमेरिकेत कॅराव्हॅन लावून ताशी ११० ने जाणारी माणसं आहेत, आणि वकीलही पुष्कळ आहेत. कॅलिफोर्नियातली ट्रेलरसाठीची ताशी ५५ मैलांची मर्यादा किती जण पाळतात, हे कुठल्याही रविवारी संध्याकाळी फ्रीवेवर बघावं. खुद्द कॅराव्हॅनच्या टायरांना मात्र ती मर्यादा मान्य असते. अमेरिकेतले ट्रेलरचे बरेचसे टायर परंपरेने ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात, आणि वर्षाचे अकरा महिने उन्हात उभं राहून ते नक्षी झिजायच्या आधीच म्हातारे होतात.

कॅराव्हॅन घ्यायचं ठरलंच, तर पहिल्या सहलीआधी एक सकाळ वजनकाट्यासाठी राखून ठेवावी. अमेरिकेत हायवेवरच्या ट्रक-स्टॉपांवर ‘कॅट स्केल’चे काटे असतात. लागोपाठ वेगवेगळ्या फळ्या असल्याने पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांची वजनं एकाच फेरीत सुटी सुटी मिळतात. सगळी माणसं बसवून, सगळं सामान भरून आधी कॅराव्हॅनसह काट्यावर जायचं, मग ती सोडून नुसत्या गाडीने. दोन चिठ्ठ्यांमध्ये गाडीच्या चारही चाकांचं मिळून जेवढं वजन वाढलेलं दिसेल, तेवढा नाकाचा भार. मागच्या आसाची मर्यादा दाराच्या खांबावर छापलेली असते, ती चिठ्ठीशी ताडून बघायची. जास्त भरलं तर सगळ्यात आधी पाण्याची टाकी रिकामी करावीशी वाटते, कारण पाणी कॅम्पग्राउंडवर फुकट मिळतं. पण टाकी कॅराव्हॅनच्या आसामागे असेल तर ती रिकामी झाल्यावर एकूण वजन घटतं आणि नाकाचा भार उलट वाढतो, तेव्हा नळ सोडल्यावर काट्यावर आणखी एक चक्कर मारावी लागते.